निळी खूण आणि होकार

लासलगावच्या बाजार समितीत ट्रॉलीपुढे लिलाव पुकारला जातो, तेव्हा भाव सर्वांसमक्ष ठरतो. त्याच मालाचा पुढचा सौदा मात्र आता पुष्कळदा व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. समजा, येथील एका व्यापाऱ्याने चेन्नईच्या खरेदीदारास लिहिले, "उन्हाळ कांदा, २५ टन, क्विंटलला १८०० रुपये. आज गाडी भरतो." संदेशाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आले नाही. व्यापाऱ्याने गाडी भरली. ती पोहोचेपर्यंत भाव २०० रुपयांनी उतरला आणि खरेदीदार म्हणाला, "मी होकार कुठे दिला?" फरक ५० हजारांचा.

घड्याळाचे चिन्ह असेल, तर संदेश अद्याप आपल्याच फोनमध्ये आहे. एक करडी खूण म्हणजे तो रवाना झाला, दोन करड्या म्हणजे समोरच्या फोनवर पोहोचला. दोन्ही निळ्या झाल्या की तो उघडला गेला. ही निळी खूण २०१४ च्या नोव्हेंबरात आली. ती बंदही ठेवता येते. त्यामुळे करडी खूण दिसली म्हणून वाचले नाही, असेही धरता येत नाही. समूहात सर्व सदस्यांनी वाचल्याखेरीज खुणा निळ्या होत नाहीत. घरच्या पेढीच्या समूहात फोन न उघडणारे एखादे आजोबा असले, की खुणा करड्याच राहतात!

न्यायालयानेही या खुणांची दखल घेतली आहे. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे प्रकरण होते. नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविली होती. ती पोहोचली आणि सोबतचा कागदही उघडला गेला, हे खुणांवरून दिसते, म्हणून नोटीस बजावली गेल्याचे ग्राह्य धरण्यात आले.

परंतु नोटिशीला पोहोचणे पुरते; सौद्याला होकार लागतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रस्ताव समोरच्यास कळला, एवढ्याने करार होत नाही. त्याने संमती दर्शवावी लागते. इंग्लंडमध्ये १८६२ साली असाच एक खटला झाला. काकाने पुतण्यास लिहिले, की उत्तर आले नाही तर घोडा माझा समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही आणि घोडा लिलावात चुकून विकला गेला. काकाचा दावा न्यायालयाने फेटाळला. हुंडी दाखविणे निराळे आणि सकारणे निराळे, हे व्यापारी घराण्यांस वेगळे सांगावयास नको.

चेन्नईच्या खरेदीदाराने अटीप्रमाणे आगाऊ रक्कम धाडली असती, तर शब्दावाचूनही त्याची संमती ठरली असती. तसे काही घडले नव्हते. गाडी काट्यावर नेण्यापूर्वी त्या व्यापाऱ्याने एक फोन करून "१८०० मंजूर, २५ टन" एवढे लिहून मागवायचे होते, आणि ते येईपर्यंत माल खळ्यावरच राहू द्यायचा होता.