ड्रोनचा कोड सगळ्यांना दिसतो, मग तो सुरक्षित कसा?



मुक्त स्रोत प्रणाली शिकवताना आपण वर्गात साधारण एवढंच सांगतो : लिनक्स फुकट मिळतं, त्याचा कोड कुणालाही पाहता येतो आणि बदलता येतो. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न येतो आणि विषय तिथेच संपतो. पण हीच प्रणाली लष्करी ड्रोनच्या नियंत्रण यंत्रणेतही वापरतात, असं सांगून बघा. एखादी चुणचुणीत मुलगी हमखास विचारेल, "सर, कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे शत्रूलाही दिसतो ना?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याला "फुकट असतं म्हणून वापरतात" हे उत्तर पुरणार नाही. माझं मत सरळ आहे : ज्या यंत्राने माणसाचा जीव जाऊ शकतो, त्याचा कोड तपासता येण्यासारखा असलाच पाहिजे. मात्र कोड तपासता येणं आणि तो खरोखर तपासलेला असणं, यातला फरकही मुलांना कळला पाहिजे.

कुलूप माहीत असलं तरी किल्ली हवीच

ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाचे भाषेचे एक प्राध्यापक होते. म्हणजे आपल्याच व्यवसायातले! १८८३ मध्ये त्यांनी लष्करी सांकेतिक लेखनावर लेख लिहिला. त्यातला एक नियम आजही संगणकशास्त्रात शिकवला जातो. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. घराच्या कुलपाची रचना दुकानदाराला माहीत असते, किल्ली बनवणाऱ्यालाही माहीत असते. म्हणून काही आपलं घर उघडं पडत नाही. उलट रचना लपवली म्हणूनच टिकणारं कुलूप असेल, तर ती बाहेर फुटली की सगळंच संपलं.

नेवाडाची गोष्ट

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात क्रीच नावाचा हवाई दलाचा तळ आहे. प्रिडेटर आणि रीपर ही ड्रोन तिथून, हजारो किलोमीटर दूर बसून चालवली जात. सप्टेंबर २०११ मध्ये तिथल्या संगणकांत व्हायरस सापडला. तो ड्रोनचालकांच्या कळफलकावरची प्रत्येक कळ टिपतो, अशी बातमी ऑक्टोबरमध्ये आली. हवाई दलाने ते नाकारलं. हा पासवर्ड चोरणारा एक सर्वसाधारण प्रकार आहे, तो विंडोजवर चालणाऱ्या सहाय्यक जाळ्यात होता आणि उड्डाणाची नियंत्रण यंत्रणा वेगळी आहे, असं त्यांनी सांगितलं. आला कुठून, तर माहिती इकडून तिकडे नेण्याच्या हार्ड डिस्कमधून.

पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, अमेरिकी नौदलाने मानवरहित हेलिकॉप्टरची नियंत्रण प्रणाली लिनक्सवर नेण्यासाठी रेथिऑन कंपनीला सुमारे २ कोटी ७९ लाख डॉलरचं काम दिलं. "व्हायरस आला म्हणून लिनक्स आणलं" असा सोपा निष्कर्ष मात्र मुलांना सांगू नये. एक घटना हवाई दलाची, दुसरा निर्णय नौदलाचा. पण दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, आकडा बघा : "फुकट" प्रणाली बसवायलाही कोट्यवधी डॉलर लागले. दुसरी, प्रणाली कुठलीही असो, कुठलीही डिस्क कुठेही जोडायची सवय असेल तर व्हायरस दारातूनच आत येतो. आपल्या शाळेच्या संगणक कक्षातल्या पेन ड्राइव्हलाही हाच न्याय लागू आहे.

तपासलेला कोड कसा असतो?

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एसईएलफोर नावाचा प्रणालीचा छोटासा गाभा तयार केला. कोडच्या फक्त नऊ हजारांच्या आसपास ओळी. तो ठरवल्याप्रमाणेच वागतो हे त्यांनी २००९ मध्ये गणिती सिद्धतेने दाखवलं आणि २०१४ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. अमेरिकेच्या डार्पा या संस्थेच्या प्रकल्पात तो बोइंगच्या 'लिटल बर्ड' या मानवरहित हेलिकॉप्टरवर बसवला गेला. मग हॅकर मंडळींना त्यातल्या कॅमेरा वगैरे सांभाळणाऱ्या भागात मुद्दाम प्रवेश दिला आणि सांगितलं, आता फोडून दाखवा. आत शिरकाव मिळूनही त्यांना हेलिकॉप्टरचा ताबा घेता आला नाही. भूमितीत "सिद्ध करा" म्हटल्यावर कंटाळणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा!

दुसरी बाजू

आता उलट उदाहरण. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या लिनक्समधल्या छोट्या साधनात चोरवाट सापडली. कुणीतरी दोन-तीन वर्षं मदतनीस म्हणून विश्वास कमावला आणि मग ती हळूच घुसवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि त्याने मुळापर्यंत शोध घेतला. कोड खुला होता म्हणून शोध लागला, हे खरं. पण तोवर कुणी नीट पाहिलंच नव्हतं, हेही तितकंच खरं.

त्याहून अवघड प्रश्न नीतीचा आहे. अर्डुपायलट हे ड्रोन उडवणारं मुक्त सॉफ्टवेअर हौशी मंडळींनी सुरू केलं. शस्त्र बनवायला मदत करणार नाही, असं त्याच्या विकसकांची आचारसंहिता सांगते. परवाना मात्र कुणालाच अडवत नाही. १ जून २०२५ रोजी युक्रेनने रशियाच्या हवाई तळांवर ड्रोनहल्ला केला, त्यातही हेच सॉफ्टवेअर वापरल्याचं समोर आलं. ज्ञान खुलं केलं की त्याचा वापर कोण कशासाठी करेल, हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून ज्ञान कुलपात ठेवावं, असं मला वाटत नाही. पण ही किंमत मुलांपासून लपवू नये.

मग आपण काय करायचं?

आपल्याकडे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' ही लिनक्स प्रणाली विकसित केली. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या कार्यालयीन संगणकांसाठी उबुंटूवर आधारित 'माया' आणल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे उद्या हा कोड वाचायला, त्यातली खोट शोधायला माणसं लागणार आहेत आणि ती आज आपल्या बाकांवर बसली आहेत.

म्हणून तीन छोट्या गोष्टी सुचवतो. 'मुक्त' म्हणजे 'फुकट' असं शिकवणं थांबवूया. शाळेतल्या निदान एका संगणकावर लिनक्स टाकून मुलांना ते उघडून पाहू, बिघडवू आणि दुरुस्त करू द्या. आणि "आपण लिहिलेला कोड युद्धात वापरला गेला तर जबाबदार कोण?" यावर वर्गात एक वादविवाद घ्या. पालकांनीही घरी जेवताना हा विषय काढावा. मुलांची उत्तरं आपल्याला विचार करायला लावतील.

आपला अनुभव आणि मत जरूर कळवा. मत वेगळं असेल तर आधी कळवा!