‘पुडिंग’ म्हणजे गोड, असं मीही समजत होतो

माझे एक जुने पेशंट गेल्या वर्षी सहा महिन्यांसाठी मुलाकडे लीड्सला निघाले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ६८, डायबेटीस पंधरा वर्षांचा, शिवाय बीपीची एक गोळी. मी औषधांची चिठ्ठी लिहीत असताना काका म्हणाले, “डॉक्टर, नातू फोनवर सांगतो, आजोबा आले की दर रविवारी यॉर्कशायर पुडिंग करणार. खाल्लं तर चालेल का?”

मान वर न करता मी म्हणालो, “पुडिंग? नावसुद्धा काढू नका.”

काका शिस्तीचे. त्यांनी खरंच नाव काढलं नाही. लीड्सला पोचल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी घरात मोठं जेवण होतं. इंग्लंडमध्ये रविवारचं हे जेवण सावकाश, दुपारी दोन-तीनला होतं. काकांनी सकाळी आठला नेहमीची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि पुढे भरपूर जेवायचंय म्हणून नाश्त्याला फक्त चहा आणि दोन बिस्किटं. जेवण आलं अडीचला. ताटात भाजलेलं चिकन, वाटाणे, गाजर, भाजलेले बटाटे आणि नातवाने केलेली पुडिंगं. बटाटा काका वर्षानुवर्षं टाळत आलेले, पुडिंगला मी बंदी घातलेली. राहिलं काय? चिकनचा तुकडा आणि वाटाणे-गाजर.

पाचच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. मुलाने मीटर लावलं तर आकडा ३.२. तिकडचे मीटर वेगळ्या एककात दाखवतात. त्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. म्हणजे शुगर साधारण ५८. सत्तरच्या खाली गेली की ती कमी झाली असं आपण म्हणतो. सूनबाईंनी प्रसंगावधान राखून चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग ब्रेड खायला दिला. निभावलं. पण ६८ वर्षांच्या माणसाची शुगर अशी घसरणं ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. पडून खुब्याचं हाड मोडतं, कधी त्याहून वाईट होतं.

रात्री मुलाचा फोन आला. सगळं ऐकल्यावर त्याने सहज विचारलं, “डॉक्टर, पण त्यात साखर नसते. तुम्ही नाही का म्हणालात?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण खरं उत्तर ‘मला ठाऊक नव्हतं’ हे होतं.

यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं. इंग्रजीत पुडिंग हा शब्द पूर्वीपासून तिखटा-मिठाच्या पदार्थांनाही वापरतात. त्यांचं ब्लॅक पुडिंग तर रक्त घालून केलेलं सॉसेज असतं. यॉर्कशायर पुडिंग म्हणजे मैदा, अंडी, दूध आणि मीठ यांचं सरसरीत पीठ, कडकडीत तापलेल्या तेलात ओतून ओव्हनमध्ये फुगवलेलं. जुन्या काळी आगीसमोर सळईला लावून मांस भाजायचे आणि गळणारी चरबी वाया जाऊ नये म्हणून खाली या पिठाचं भांडं ठेवायचे. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ च्या पाककृतींच्या पुस्तकात ते यॉर्कशायरच्या नावाने आहे. मांस महाग, म्हणून आधी ग्रेव्हीबरोबर हे वाढून पोट अर्धं भरवायचं, असा हिशेब. आपल्याकडे भाजी कमी असली की भाकरीवर जेवण निभावतं, त्यातलाच प्रकार.

मी ते घरी करून पाहायचं ठरवलं. पेशंटला बंदी घातलेला पदार्थ डॉक्टरने एकदा तरी रांधून पाहावा, असं आता माझं मत झालंय. बायकोने ओटीजी माझ्या ताब्यात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन बसली.

प्रमाण सोपं आहे. चार अंडी फोडून वाटीत घ्यायची, ती जेवढी भरतील तेवढंच दूध आणि तेवढाच मैदा, चिमूटभर मीठ. गुठळ्या मोडून धिरड्यासारखं पीठ करायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. (पीठ चाटून बघू नका. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला होऊ शकतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात.) मफिनच्या ट्रेमधल्या प्रत्येक खळग्यात अर्धा ते पाऊण चमचा तेल घालून ट्रे २२० अंशांवर दहा-बारा मिनिटं तापू द्यायचा. मग पीठ खळग्याच्या निम्म्यापर्यंत ओतायचं, लगेच दार बंद, वीस-पंचवीस मिनिटं. मधे दार उघडायचं नाही.

यात सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, यीस्ट नाही. फुगवते ती वाफ. फुलका फुगतो त्याच कारणाने. पिठातल्या पाण्याची एकदम वाफ होते, ती वर उचलते आणि तेवढ्यात अंड्यातलं आणि मैद्यातलं प्रथिन शिजून भिंत धरते. भिंत धरायच्या आत दार उघडलं की सगळं खाली बसतं. माझा पहिला घाणा खाली बसला. खरं तर तो वर गेलाच नव्हता. २००८ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने चार इंचांपेक्षा बुटकं ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे, असं जाहीर केलं होतं. माझं एक इंचसुद्धा नव्हतं. काकांच्या नातवाला फोटो पाठवला, त्याचा व्हॉइस मेसेज आला, “डॉक्टरकाका, तेल गरम नव्हतं.” दुसऱ्या घाण्याला बरीच सुधारणा झाली.

मग मी कागद घेऊन बसलो. वरच्या प्रमाणात मध्यम आकाराची बारा पुडिंगं होतात. एकात साधारण आठ ते नऊ ग्रॅम कर्बोदकं, साडेतीन ग्रॅम प्रथिनं, नव्वद-शंभर कॅलरी. एका मध्यम फुलक्यात सोळा-सतरा ग्रॅम कर्बोदकं धरा. म्हणजे दोन पुडिंगांना एक फुलका. मैद्यात कोंडा नाही, त्यामुळे फुलका अधिक चांगला हे मान्यच. पण आठवड्यातून एकदा, नातवाच्या हातचं, फुलक्याच्या जागी दोन? याला मी ‘नावसुद्धा काढू नका’ म्हणालो होतो.

लक्ष द्यायचं ते दुसरीकडेच. पहिलं, चरबी. पारंपरिक पद्धतीत बीफ ड्रिपिंग, म्हणजे गोमांसाची वितळवलेली चरबी वापरतात. त्यातला जवळपास निम्मा भाग संपृक्त मेद असतो. सूर्यफुलाच्या तेलात तो दहा टक्क्यांच्या आसपास. घरी करताना तेल वापरा, साजूक तूप इथे नको. बाहेर खाताना कशात केलंय ते विचारा. बीफ न खाणाऱ्यांनी तर नक्कीच. दुसरं, ग्रेव्ही. डब्यातले दाणे गरम पाण्यात ढवळून केलेल्या ग्रेव्हीत मीठ बरंच असतं. बीपीवाल्यांनी ती चमच्याने घ्यावी, पळीने नाही. ग्लुटेन चालत नसेल तर मैद्याऐवजी कॉर्नफ्लॉर वापरून छान होतात. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र हा पदार्थ तुमचा नाही.

आणि तेल. मुलं हौसेने करतात म्हणून हे मुद्दाम लिहितो. २२० अंशांच्या तेलात पातळ पीठ पडलं की ते उडतं. पीठ मोठ्या माणसाने ओतावं, ट्रे ओट्यावर सपाट ठेवून, हातात धरून नव्हे. भाजलंच तर बांगड्या-अंगठी लगेच काढा आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून वीस. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यातलं काहीही लावू नका. ते खरवडून काढण्यात माझा आणि तुमचा दोघांचा जीव जातो.

काकांची गोळी मी आता निम्म्यावर आणली आहे. ती तुमचं जेवण उशिरा आहे की लवकर हे बघून काम करत नाही, हे त्यांना मी आधीच समजावून सांगायला हवं होतं. पुडिंगपेक्षा ते जास्त महत्त्वाचं होतं. आता रविवारी सकाळी ते अंडं-टोस्ट नीट खातात, दुपारी चिकन, भाज्या, एक छोटा बटाटा आणि दोन पुडिंगं. दोन तासांनी शुगर ९.१ आली, म्हणजे आपल्या हिशेबाने १६४. मला चालते.

ताटाएवढं मोठं पुडिंग करून त्यातच मांस, बटाटे आणि ग्रेव्ही भरून द्यायची पद्धत तिकडच्या पबमध्ये आहे. त्याचाही फोटो काकांनी पाठवला, खाली प्रश्नचिन्ह. त्याला मी नाही म्हणालो, पण या वेळी आत काय काय आहे ते विचारून.