कांदा नको, छाती दाबा

१७ मार्च २०१२. लंडनच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर टॉटनहॅम आणि बोल्टन यांच्यात एफए कपचा सामना रंगला होता. पूर्वार्ध संपत आला असताना बोल्टनचा २३ वर्षांचा फॅब्रिस मुआम्बा, कुणाचा धक्काही न लागता, जागच्या जागी कोसळला. डॉक्टर धावले, छातीवर दाब देणं सुरू झालं, शॉक देणारं यंत्र आलं. टॉटनहॅमचे चाहते म्हणून सामना बघायला आलेले अँड्र्यू डीनर हे हृदयरोगतज्ज्ञ मैदानाच्या कर्मचाऱ्यांना विनवून आत शिरले आणि मदतीला लागले. मुआम्बाचं हृदय ७८ मिनिटं बंद होतं. त्याला एकूण १५ शॉक दिले गेले. महिन्याभरानं तो रुग्णालयातून घरी गेला.

चारच दिवसांनी, २१ मार्चला, बंगळुरूच्या जिल्हा लीगमध्ये डी. वेंकटेश हा २७ वर्षांचा खेळाडू असाच कोसळला. मैदानावर डॉक्टर नव्हता, रुग्णवाहिकाही नव्हती. त्याला रिक्षात घालून रुग्णालयात नेण्यात आलं. तो वाचला नाही.

दोघांच्या हृदयात नेमकं काय बिघडलं होतं, हा डॉक्टरांचा विषय. बाकीच्यांना दिसतो तो रिक्षा आणि १५ शॉक यांच्यातला फरक. बंगळुरूला हा धडा नवा नव्हता. ५ डिसेंबर २००४ रोजी याच शहरात, फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात, गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करता करता गोलरक्षकावर आदळला आणि पुन्हा उठला नाही. सामना धेंपोनं जिंकला, दोन्ही गोल त्याचेच होते. गोव्याच्या फुटबॉलप्रेमींना ती संध्याकाळ आजही आठवते.

हे झालं मोठ्यांचं. तालुक्याच्या शालेय कबड्डी स्पर्धेत १४ वर्षांचा मुलगा चढाई करताना कोसळला, तर काय होतं?

काय होतं ते ठाऊक असलेलंच आहे. आधी सगळे गोल करून उभे राहतात. ‘हवा येऊ द्या’ असं ओरडणारा स्वतः सगळ्यात पुढे असतो. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी तेच पाणी तोंडात ओततं. मुलाच्या हातापायांना झटके येताना दिसले की ‘फिट आली, फिट आली’ असा पुकारा होतो. मग कांदा शोधला जातो, तो नाहीच मिळाला तर कुणाची तरी चप्पल नाकाशी धरली जाते. ‘सकाळी काही खाल्लं नसेल’ आणि ‘ऊन लागलं असेल’ ही निदानं तयारच असतात. मुलगा मधूनच घशातून घोरल्यासारखा आवाज काढतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो: श्वास चालू आहे! तो श्वास नसतो. हृदय थांबल्यावरही काही काळ शरीर अशी आचके दिल्यासारखी धडपड करतं. हातापायांचे ते झटकेही पुष्कळदा फिटचे नसतात, मेंदूला रक्त न पोहोचल्याचे असतात. खेळताना कोसळलेला, हाकेला ओ न देणारा आणि नीट श्वास न घेणारा खेळाडू म्हणजे हृदय बंद पडलेला खेळाडू, असंच धरून चालायचं. चूक झाली तर तो डोळे उघडून हात झटकेल, एवढंच.

शॉक मिळेपर्यंत जाणारं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी खाली आणतं. कांदा शोधण्यात चार मिनिटं गेली, तर हिशेब ज्याचा त्यानं करावा.

या गोंधळाला वर्तमानपत्रांनीही हातभार लावला आहे. दुसऱ्या दिवशी बातमी येते ती ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानं विद्यार्थ्याचा मृत्यू’ अशी. हार्ट अ‍ॅटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणं, आणि तो बहुतेक वेळा मोठ्या वयाचा आजार. मुलांमध्ये साधारणपणे घडतं ते वेगळंच. हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय अचानक बिघडते, ते नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकलणं थांबतं. कारणं जन्मजात असू शकतात. हृदयाचा स्नायू गरजेपेक्षा जाड होणं हा आनुवंशिक दोष सुमारे ५०० माणसांत एकाला असतो. कुणाच्या हृदयाची वीजवाहक वाटच सदोष असते, कुणाची रक्तवाहिनी भलत्या जागेतून निघालेली असते. तापानंतर हृदयाच्या स्नायूला आलेली सूज हेही एक कारण, म्हणून ताप उतरल्या उतरल्या पोराला मैदानात पिटाळणं शहाणपणाचं नाही. हे दोष असलेली मुलं दिसायला ठणठणीत असतात, वर्गात सगळ्यांत जोरात पळणारीही असू शकतात.

मग सगळ्यांचे ईसीजी काढा, असं कुणीही म्हणेल. इटलीनं तेच केलं. १९८२ पासून तिथे स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. व्हेनेतो या प्रांतात १९७९-८० मध्ये खेळाडूंच्या अशा अचानक मृत्यूंचं प्रमाण वर्षाला लाखामागे ३.६ होतं, ते २००३-०४ मध्ये ०.४ वर आलं. आकडा भुरळ घालणारा आहे. पण इस्रायलनं १९९७ मध्ये तसाच कायदा लागू केला आणि तिथल्या अभ्यासकांना आधीच्या आणि नंतरच्या प्रमाणात फरकच सापडला नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं १९९६ ते २०१६ या काळात ११,१६८ किशोर खेळाडूंची ईसीजी आणि इकोसह तपासणी केली. ४२ जणांमध्ये जिवावर बेतू शकणारा दोष सापडला, म्हणजे त्या कष्टाचं चीज झालं. पण पुढच्या काळात हृदयविकारानं जे आठ खेळाडू गेले, त्यांपैकी सहा जणांची तपासणी निर्दोष निघाली होती.

तात्पर्य, तपासणी हवीच, पण तिच्या भरवशावर मैदान मोकळं सोडून चालणार नाही. शिवाय ईसीजीचा कागद निघतो काही मिनिटांत, तो वाचणारा सहजासहजी मिळत नाही. नियमित व्यायाम करणाऱ्या मुलांच्या ईसीजीत काही बदल स्वाभाविकपणेच असतात. ते ओळखता आले नाहीत, तर धडधाकट मुलीचं खेळणं कायमचं बंद होईल. आपल्याकडे मुलींचं खेळणं बंद करायला तसंही निमित्त पुरतं.

त्याआधीचं, फुकटातलं काम मात्र महाराष्ट्राला उद्यापासून जमण्यासारखं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. या योजनेची फिरती पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत जाऊन मुलं तपासतात. जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताच्या तापानं होणारा झडपांचा आजार त्यांच्या यादीत आहेतच, आणि या तपासणीमुळे कितीतरी मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत झाल्या आहेत. याच पथकानं शाळेच्या संघातल्या मुलांना चार प्रश्न जास्तीचे विचारावेत. पळताना किंवा खेळताना कधी शुद्ध हरपली होती का? व्यायामात छातीत दुखतं का? काही कारण नसताना छातीत एकाएकी धडधडतं का? घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं आहे का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर त्या मुलाला जिल्हा रुग्णालयात ईसीजी आणि इकोसाठी पाठवायचं आणि तोवर खेळ थांबवायचा.

यातला शेवटचा प्रश्न आईवडिलांना विचारायचा. मुलांना ‘काका विहिरीत बुडून गेले’ एवढंच सांगितलेलं असतं. पट्टीचा पोहणारा काका बुडाला कसा, हे कुणी विचारलेलं नसतं. पहिला प्रश्नही वाटतो तितका साधा नाही. शर्यत संपल्यावर, थांबल्यावर भोवळ येणं बहुधा निरुपद्रवी असतं. ऐन धावण्यात कोसळणं ही धोक्याची घंटा. पण मुलं हे लपवतात, संघातून नाव जाईल म्हणून, आणि पीटीच्या सरांनाही उपांत्य फेरी तोंडावर असताना ऐकायचं नसतं.

काही धोके कुठल्याच तपासणीत सापडत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी फुटबॉलपटू डमार हॅमलिन छातीवर आघात झाल्यावर उठून उभा राहिला आणि क्षणात मागे कोसळला. हृदयाच्या ठोक्यातल्या काही सहस्रांश सेकंदांच्या नाजूक क्षणी छातीवर फटका बसला, तर निरोगी हृदयही थांबू शकतं. अमेरिकेत हे बेसबॉल खेळणाऱ्या मुलांत पुष्कळदा दिसलं आहे. आपल्याकडे सीझन बॉल आहे. मुंबईच्या आझाद मैदानावर एका सामन्याच्या सीमारेषेत दुसऱ्या सामन्याचा क्षेत्ररक्षक उभा असतो, चेंडू कुठून येईल याचा नेम नाही. चेंडू छातीवर बसलेला पोरगा विव्हळत खाली बसला तर तो मुका मार. तो निपचित पडला, तर मुका मार नव्हे. हॅमलिनला मैदानातच सीपीआर आणि शॉक मिळाला. एप्रिलमध्ये तो सरावाला परतला होता.

सीपीआर शिकायला डॉक्टर व्हावं लागत नाही. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवायची, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, आणि पाच सेंटिमीटर खोल दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. बरगडी मोडेल म्हणून हात आखडायचा नाही. मोडलेली बरगडी सांधते. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचा दम निघतो. मग खो द्यायचा, दुसऱ्यानं तीच जागा घ्यायची, मधे खंड पडू द्यायचा नाही. खो-खोवर वाढलेल्या पोरांना हे समजावून सांगायला वेळ लागणार नाही. एवढ्या वेळात तिसऱ्यानं १०८ ला फोन लावलेला असावा आणि चौथा फाटकाशी उभा असावा, रुग्णवाहिकेला मैदान दाखवायला.

नॉर्वेच्या शाळांत १९६१ पासून पुतळ्यावर हे शिकवलं जातं. डेन्मार्कनं २००५ मध्ये शाळांत ते सक्तीचं केलं, पुढे वाहन परवान्यालाही जोडलं. २००१ मध्ये तिथे कोसळलेल्यांपैकी २१ टक्के लोकांना आसपासच्या माणसांकडून सीपीआर मिळत होता, २०१० मध्ये ४५ टक्क्यांना मिळाला. महिन्यानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर गेलं. १२ वर्षांपासून पुढच्या मुलांना वर्षातून दोन तास सीपीआर शिकवा, या शिफारशीला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये पाठिंबा दिला. वर्षातून दोन तास! आपल्या शाळांत पाहुण्यांची वाट बघण्यात याहून जास्त वेळ जातो.

राहिलं ते यंत्र. एईडी स्वतःच बोलून सूचना देतं, हृदयाची लय तपासतं आणि गरज असेल तरच शॉक सोडतं, त्यामुळे भलत्याला शॉक बसण्याची भीती नाही. किंमत साधारण लाखभर रुपये. प्रत्येक शाळेला ते आज परवडणार नाही, हे उघड आहे. पण तालुका क्रीडा संकुलात, आणि जिथे शालेय स्पर्धा भरतात त्या प्रत्येक मैदानावर, एक यंत्र ठेवणं सरकारच्या आवाक्याबाहेरचं नाही. आमदार निधीतून व्यायामशाळेचं साहित्य येतंच.

अमेरिकेतल्या अशी यंत्रं असलेल्या १,७१० माध्यमिक शाळांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदय बंद पडल्याच्या ३६ घटना नोंदल्या होत्या आणि ६४ टक्के माणसं वाचली होती. त्या ३६ पैकी विद्यार्थी खेळाडू १४. बाकीचे २२ होते शिक्षक, कर्मचारी, पालक, प्रेक्षक. मुलांसाठी आणलेलं यंत्र मोठ्यांच्याच जास्त उपयोगी पडलं. आपल्या स्नेहसंमेलनाच्या गर्दीत पहिल्या रांगेत कोण बसतं, ते आठवून पाहावं.

भीती आहे ती वेगळीच. यंत्र येईल, त्याला हार घालून फोटो निघेल, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होईल, आणि ते मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात जाईल. किल्ली शिपायाकडे, शिपाई बँकेत. दोन-तीन वर्षांत त्याचे चिकटवायचे पॅड कालबाह्य होतील आणि ऑडिटला यंत्र हजर, एवढंच समाधान उरेल. एईडीची जागा मैदानालगतच्या भिंतीवर, बिनकुलपाची. चोरी होईल म्हणणाऱ्यांनी लाख रुपयांच्या चोरीची आणि दुसऱ्या नुकसानीची तुलना करावी.

पावसाळा सरता सरता तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धा सुरू होतात. प्रवेश अर्जावर मुलाची जन्मतारीख, जनरल रजिस्टर नंबर, आधार, मुख्याध्यापकांची सही-शिक्का, सगळं काटेकोर मागितलं जातं, कारण वयचोरी पकडायची असते. क्रीडा अधिकाऱ्यांनी याच अर्जावर या वर्षी दोन ओळी वाढवाव्यात. एक: खेळताना हा विद्यार्थी कधी बेशुद्ध पडला आहे का? दुसरी: संघासोबत येणाऱ्या कोणत्या शिक्षकाला सीपीआर येतो, त्याचं नाव. दुसरी ओळ कोरी असेल, तर अर्ज परत पाठवावा.