फडताळाला दार हवे की नको?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सिंकखालच्या कपाटाचे दार बिजागरीसकट माझ्या हातात आले. भुसा दाबून केलेली ती फळी. पंधरा वर्षे गळके पाणी पिऊन भिजलेल्या पावासारखी फुगली होती. आत झुरळांचा संसार माझ्याहून नीट चालला होता.

"आता सगळेच बदलून टाकू," हे म्हणाले. ज्या सहजपणे म्हणाले, त्यावरूनच ओळखावे की ओट्याशी कोण उभे असते!

आमच्या घरात कोणताही निर्णय एकमताने होत नाही, हे या पानाच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. ह्यांना हवी होती सगळी बंद कपाटे. पांढरी, सपाट, चकचकीत. इथे कधी कांदा चिरला असेल अशी शंकासुद्धा येऊ नये! लेकीला हव्या होत्या उघड्या फळ्या आणि त्यांवर काचेच्या बरण्या. सासूबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "मला काय विचारता? मी आता त्या खोलीत जाते कुठे?"

ते खरे होते. दोन वर्षांपासून त्यांनी स्वयंपाकघर जवळजवळ सोडलेच होते. एक्याऐंशीचे वय, दुखरे गुडघे. मी मनात म्हटले, सुटला असेल जीव त्यातून. खरे सांगायचे तर मला थोडे हायसेही वाटले होते.

माझे मत ह्यांच्या बाजूचे होते. आपल्याकडे फोडणी रोजची. तेलाची वाफ उघड्या फळीवर बसते, तिच्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात बोट चिकटेल असा थर जमतो. शिवाय हळद-तिखट काचेच्या बरणीत उजेडात ठेवले की रंग उडतो, वासही जातो. मासिकातल्या चित्रात हे दिसत नाही. लेक हिरमुसली आणि आम्ही बंद कपाटांची ऑर्डर देऊन आलो. लाकडाबाबत मात्र मी हटून बसले. सिंकखाली 'आय.एस. ७१०' शिक्क्याचेच प्लायवूड हवे, म्हटले. या प्लायवूडला ७२ तास उकळत्या पाण्याच्या परीक्षेत टिकावे लागते. आमच्या सिंकला तेवढे पुरावे!

जुने सगळे उखडले आणि नवे काही येईना. आठवडा म्हणता तीन आठवडे झाले. बाहेरच्या खोलीत एका टेबलावर शेगडी मांडली. डबे ठेवायचे कुठे? माळ्यावरून सासूबाईंची चाळीतल्या दिवसांतली स्टीलची मांडणी काढली, पुसली आणि भिंतीशी उभी केली. वर ताटे, मध्ये डबे, खाली पातेली, कडेला कपांचे हूक. दार म्हणून एक नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी झोपेतून उठले, तर चहा तयार! चौथ्या दिवशी वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी सासूबाईंनीच दिली होती. आठव्या दिवशी त्यांनी अळूचे फदफदे केले आणि चिंच कमी पडली म्हणून मलाच बोलल्या. दोन वर्षांत त्यांनी मला बोलणे लावले नव्हते. मी जेवता जेवता सहज म्हटले, "आई, बरे वाटतेय का हल्ली?"

"बरे-वाईट काही नाही," त्या ताटाकडे बघत म्हणाल्या. "अगं, तुझ्या त्या सगळ्या दारांचा रंग एक. आत काय ते आठवायचे कुठवर? चार दारे उघडून साखर मिळाली नाही, की तू धावत यायचीस नि काढून द्यायचीस. मग मी उठणेच सोडले."

घास माझ्या हातातच राहिला. धावत जाणे हा मी माझा गुण समजत होते.

ह्यांनी लगेच तोड काढली: दारांवर नावाच्या चिठ्ठ्या लावू. कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी जे स्वयंपाकघर आखले, ती आजच्या मॉड्युलर किचनची आजीच. त्यांनीही धान्य-साखरेसाठी मुठीचे ॲल्युमिनियमचे खण ओळीने बसवून त्यांवर नावे घातली होती. पिठाचा खण तेवढा ओकच्या लाकडाचा, अळी होऊ नये म्हणून. पण आमच्या सासूबाईंचा चष्मा बहुधा देवघरात असतो. चिठ्ठी वाचायला आधी चष्मा शोधायचा!

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी ओट्यावरची दोन कपाटे रद्द केली. त्यांचे पैसे परत मिळाले नाहीत. ह्यांनी ते दोनदा बोलून दाखवले आणि मग गप्प झाले. त्या जागी सुताराकडून दोन उघड्या फळ्या करून घेतल्या, सासूबाईंना भिंतीशी उभे करून, त्यांच्या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या मापात. वाकायचे नाही, हात ताणायचा नाही. फळ्यांवर फक्त रोजचे: चहा, साखर, मीठ, तांदूळ, डाळ, मिसळणाचा डबा, कप. हळद-तिखट त्या डब्यात झाकलेलेच राहते. रोज हाताळलेली वस्तू रोज पुसलीही जाते, त्यामुळे थर फारसा जमत नाही. वर्षातून दोनदा लागणारी मोठी पातेली, परात, पाहुण्यांचे कप हे सगळे दाराआड. शेगडीजवळ मात्र फळी ठेवली नाही. तिथली वाफ कोणाला सोडत नाही. शनिवारी फळ्या पुसायचे काम ह्यांच्याकडे. कुरकुरतात, पण पुसतात.

परवा दिवाळीची भाजणी दळून आली. वरच्या फळीवर लेकीने हौसेने तीन काचेच्या बरण्या मांडल्या होत्या, आत रंगीत शेवया. सासूबाईंनी त्या उचलून टेबलावर ठेवल्या आणि तिथे सोऱ्या, झारा आणि भाजणीचा डबा मांडला. लेक बघत होती, पण काही बोलली नाही. तिला चकल्या हव्या आहेत.