इतिहासाचा भाव किलोला किती?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत इतिहासाची सर्वांत नियमित खरेदी कोण करतो, असे उद्या कोणी विचारले तर आम्ही भंगारवाल्याच्या टेम्पोकडे बोट दाखवू. भोंगा वाजवत तो गल्लीत शिरतो. तांबे, पितळ, लोखंड, रद्दी, काहीही चालते. विहिरीवरून उतरवलेले मोटेचे चाक त्याच्या काट्यावर चढते. शेर-पायलीची मापे चढतात, आजीच्या माहेरचा हंडा चढतो, आणि आजोबांची हिशेबाची वही रद्दीच्या गठ्ठ्यात जाते. वाड्याची तुळई आणि कोरीव चौकट घ्यायला वेगळा गिऱ्हाईक येतो. ती पुढे हायवेवरच्या एखाद्या हॉटेलात ‘गावरान’ सजावट म्हणून उभी राहते आणि तिच्याखाली बसून आपलीच पोरे चारशे रुपयांचे पिठले खातात! भंगारवाल्यावर आमचा राग नाही. तो उघड येतो, तोलून घेतो, रोख मोजतो. आमचा राग आहे तो त्याला दार उघडून देणाऱ्यांवर आणि दार उघडले जात असताना गावाच्या वेशीवर नवी कमान बांधण्यात गुंग असलेल्या कारभाऱ्यांवर.

शिरूर तालुक्यातले कवठे येमाई हे काही काल वसलेले गाव नव्हे. यमाईचे ठाणे म्हणून पंचक्रोशी त्याला ओळखते. पण महाराष्ट्राने त्याला ओळखले ते ढोलकीच्या तालावर. गंगारामबुवा कवठेकरांनी तमाशाच्या बोर्डावर या गावाचे नाव नेले. त्यांच्यामागून बशीर मोमीन आले. १९४७ सालचा जन्म. या माणसाने तमाशाच्या फडांसाठी गण लिहिले, गवळणी लिहिल्या, लावण्या आणि वग लिहिले. हुंडा, व्यसन, अस्वच्छता यांवर कोरडे ओढले. आणि आपल्या नावापुढे गावाचे नाव लावून जन्मभर ‘मोमीन कवठेकर’ म्हणून मिरवले. २०१८ साली राज्य शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२१ साली ते गेले. मुसलमान शाहिराने कृष्णाची गवळण रचावी आणि यमाईच्या यात्रेला आलेल्या माणसांनी ती डोक्यावर घ्यावी, ही गोष्ट ज्या गावात घडली त्या गावाने छाती फुगवून जगाला सांगायला हवी होती. श्रद्धांजलीचे फलक लागले, ते पावसात फाटले. शाहिराची आठवण घरच्यांनी जपावी आणि गावाने सभेपुरत्या टाळ्या वाजवाव्यात, ही वाटणी कोणत्या ग्रामसभेने ठरवली? ढोलकी, तुणतुणे, पायातले चाळ, वगाची हाताने लिहिलेली वही, यात्रेचा ठेका ठरल्याचा चिटोरा, एवढ्या सामानाला एक खोली आणि एक कपाट पुरते. तेवढेही ज्या गावाला जड वाटते त्याने तमाशाच्या वारशावर भाषणे देऊ नयेत, ती ऐकायलाही बसू नये.

आणि ही कथा एकट्या कवठ्याची नाही. घोडनदीच्या याच खोऱ्यात, याच शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. भारतातल्या आद्य शेतकऱ्यांविषयी लिहायला बसलेला पंडित, मग तो पुण्याचा असो वा परदेशातला, इनामगावाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. १९६८ पासून पुढे दीड दशक डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी, तिथली माती थराथराने उलगडली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० असा नऊशे वर्षांचा नांदता गाव तिथून बाहेर आला. शंभरावर घरे. जव आणि गहू. पुराचे पाणी वळवण्यासाठी घातलेला बांध आणि पाट. आज कॅनॉलच्या पाळीवरून एकमेकांची डोकी फोडणाऱ्या आमच्या बागायतदारांना हे ठाऊक आहे काय, की या खोऱ्यात पाटपाण्याची व्यवस्था तीन हजार वर्षांपूर्वी होती?

इनामगावातलीच दोन राखाडी मडकी घ्या, पोट फुगलेली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत तान्ह्या मुलाची हाडे. हे पुरले कोठे? गावाबाहेर नव्हे, घराच्याच जमिनीखाली. जिथे आई स्वयंपाक करी, निजे, तिथेच. मोठी माणसे पुरताना त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळतात; मेलेला माणूस चालत निघून जाऊ नये, घरातच राहावा, म्हणून तसे केले असावे असे अभ्यासक म्हणतात. एकाची मात्र पावले शाबूत होती. त्याला चार पायांच्या, माणसाच्या पोटासारख्या फुगीर रांजणात बसवून पुरले होते, तेही पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. तो गावचा म्होरक्या असावा. आणखी एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी निघाली. तिच्यात बिनडोक्याची देवी आणि सोबत मातीचा बैल. आईला देव मानणाऱ्या या मुलखात यमाईच्या भक्तांनी ती देवी एकदा डोळे भरून पाहू नये?

पाहायची म्हटली तर पुणे गाठावे लागते. येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावचा ठेवा आहे. त्या विद्वानांना आम्ही मुजरा करतो. त्यांनी तो काढला नसता तर कुळवाने आणि पुढे जेसीबीने कधीच संपवला असता. पण या तालुक्याच्या लोकप्रतिनिधींना विचारतो: पन्नास वर्षांत त्या मडक्यांची एक प्रतिकृती, त्या घराचा एक नकाशा, एक छायाचित्र तुम्ही तालुक्याच्या किती शाळांत पोहोचवले? इनामगावच्या मातीत खेळलेल्या किती पोरांना तुम्ही एसटीत बसवून ते दाखवायला नेलेत? सहली निघतात त्या वॉटरपार्कला. पोरे दिवसभर प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर भिजतात आणि संध्याकाळी वडापाव खाऊन घरी येतात. शिक्षक म्हणतात, पालकांना तेच हवे असते. पालक म्हणतात, शाळेने तेच ठरवले.

पांढरीची गोष्ट तर याहून संतापजनक आहे. जुन्या गावठाणाची राखट माती पिकाला मानवते म्हणून बैलगाड्या भरभरून ती शेतात नेण्याची चाल या मुलखात पिढ्यान् पिढ्या चालली. गाड्या जाऊन ट्रॅक्टर आले, आणि जी टेकाडे शंभर वर्षांत झिजत ती एका उन्हाळ्यात सपाट होऊ लागली. त्यात खापरे निघतात, मणी निघतात, जात्याच्या तळ्या निघतात. शेतकरी ते बांधावर फेकतो. का? तर ‘दाखवले की सरकार जमीन घेते’ ही भीती. हे भय कोणी दूर केले? १८७८ चा गुप्तधनाचा कायदा म्हणतो की जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले की जिल्हाधिकाऱ्याला कळवा. दीडशे वर्षे होत आली. कळवले तर काय होते, कळवणाऱ्याला काय मिळते, हे साध्या मराठीत लिहिलेला एक कागद चावडीवर लावण्याचे कष्ट किती तहसीलदारांनी घेतले? म्हणून सापडलेले गुपचूप विकले जाते किंवा गुपचूप फोडले जाते.

‘आम्ही लहान गाव, आम्हाला कसे झेपणार?’ हे रडगाणे आम्ही फार ऐकले. कवठ्याच्या कारभाऱ्यांनी एकदा साताऱ्याकडच्या औंधला जाऊन यावे. तिथेही डोंगरावर यमाईच आहे. औंध संस्थान होते अवघ्या ७२ गावांचे. त्याचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली त्याच यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. रविवर्म्याची चित्रे तिथे आहेत, आणि हेन्री मूर या जगद्विख्यात शिल्पकाराचे मायलेकराचे शिल्पही तिथेच आहे! देवीच्या पायऱ्या चढणारा माणूस वाटेत जगाची कला पाहतो. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे तर राजे नव्हते. त्यांनी गावात, शेतात सापडणाऱ्या वस्तू गोळा केल्या, आणि सातवाहनांच्या काळात रोमपर्यंत व्यापार करणाऱ्या त्या नगरीचे संग्रहालय त्यांच्या जमवाजमवीवर उभे राहिले. एका माणसाच्या चिकाटीने तेर जे करू शकले ते बागायतीने गबर झालेली, कारखान्याची बिले मोजणारी गावे करू शकत नाहीत, हे कोणाला पटेल?

पैसा नाही, ही तर निव्वळ थाप आहे. रांजणगावची औद्योगिक वसाहत कोणाच्या जमिनीवर उभी आहे? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला लावले आहेत, आणि त्या कामांच्या यादीत वारसा, कला व संस्कृतीचे जतन स्पष्ट शब्दांत आहे. किती सरपंच ही मागणी घेऊन कंपनीच्या दारात गेले? गेले ते क्रिकेटच्या टी-शर्टसाठी, दहीहंडीसाठी, आणि बसायच्या सिमेंटच्या बाकांसाठी, ज्यांच्या पाठीवर देणाऱ्याचे नाव बाकापेक्षा मोठे असते.

तेच कारभारी देवळाच्या जीर्णोद्धाराला निघाले की आम्हाला धडकी भरते. जुना दगड ऑइलपेंटखाली गुदमरतो, गाभाऱ्याला बाथरूमची टाईल लागते, आणि लढाईत पडलेल्या कोणा अनाम शिपायाची वीरगळ देवळामागे कपडे धुवायला नाही तर पायरी म्हणून कामी येते. इतिहासाचा अभिमान म्हणून रस्त्यात रक्त सांडायला तयार असलेली ही माणसे त्याच इतिहासावर पाय ठेवून चपला काढतात! शिरूरच्या जुन्या छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये मेला. त्याच्या थडग्याला लोक ‘सत्पुरुष’ म्हणून सुगीचे धान्य वाहत, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरात आहे. परक्या गोऱ्या साहेबाच्या थडग्याला नैवेद्य दाखवणाऱ्यांच्या नातवंडांना आपल्या शाहिराच्या ढोलकीसाठी खिळा मिळू नये?

उद्या आमच्या ओरड्याने लाजून कोणी संग्रहालय काढलेच, तर त्याचे काय होईल तेही आम्हाला दिसते. दर्शनी भिंतीवर आमदारांचा फोटो, बाजूला त्यांच्या वडिलांचा. मधल्या काचेत त्यांच्या आजोबांचा फेटा आणि काठी. एक गंजलेली तलवार, जिची कुळकथा विचारली तर प्रत्येक जण वेगळी सांगेल. मोट हाकणाऱ्याचे नाव नाही, मोटेची चामड्याची सोंड शिवणाऱ्याचे नाही, तमाशात नाचून अख्खे बिऱ्हाड पोसणाऱ्या बाईचे तर मुळीच नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवलेल्या बायकांच्या हाती छापखाना दिला, त्यांना खिळे जुळवायला शिकवले. १९२२ मध्ये त्या तिथेच वारल्या. तालुक्यातल्या किती मुलींना हे शाळेत सांगितले गेले? सरदारांच्या वंशावळीला काचेची पेटी आणि कष्टकऱ्याच्या अवजाराला भंगाराचा काटा, असले संग्रहालय आम्हाला नको. त्यापेक्षा टेम्पोवाला बरा, तो निदान जात पाहत नाही.

आम्हाला हवी आहे ती आधी एक वही. इमारत मागाहून. जाड पुठ्ठ्याची, पाने शिवलेली, पानांवर आकडे छापलेली वही. तिच्यात रकाने: अनुक्रमांक, तारीख, वस्तू, कोणी दिली, कोठून आली, कशासाठी वापरत, माप, अवस्था, देणाऱ्याची सही वा अंगठा. वस्तूच्या मागल्या बाजूला, नजरेत येणार नाही असा, तोच क्रमांक बारीक अक्षरांत. तोही पुसता येईल अशा लाखेच्या पातळ थरावर, वस्तूवर थेट नव्हे. मोट दिली तर तिचा नाडा आणि सोंदूर कसा ओवत, हे सांगणारा म्हातारा जिवंत असेतोवर त्याच्या तोंडून लिहून घ्यायचे. तो गेला की उरते ते चामडे. या कामाला मंत्री लागत नाही, नारळ लागत नाही, कोनशिला लागत नाही. म्हणूनच ते होत नाही! रिकामी पडलेली शाळाखोली आणि दहावी झालेली दोन पोरे एवढ्यावर ते सुरू होते. बी.ए.ला इतिहास घेऊन बसलेले विद्यार्थी उन्हाळ्यात काय करतात? मोबाईलवर शिवकालाच्या लढाया खेळतात. त्यांना ही वही द्या.

म्हणून आमची मागणी अशी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कवठे येमाईच्या विषयपत्रिकेवर ही वही आणि ही खोली हा पहिला विषय यावा. पाणीपट्टीच्या नंतर, आयत्या वेळच्या विषयांत नव्हे. शिरूर आणि दौंडच्या प्रत्येक गावाने तोच विषय घ्यावा. सरपंचांनी खोलीचा ठराव मांडावा. ज्यांना तो नको असेल त्यांनी उभे राहून, नाव सांगून, कारण देऊन विरोध करावा. ग्रामसेवकाने तो विरोध इतिवृत्तात शब्दशः लिहावा. ठराव झालेल्या गावांची यादी आम्ही पहिल्या पानावर छापू, आणि विरोध करणाऱ्यांची कारणेही, एक अक्षर न बदलता, त्याच पानावर.