जमा कोणाची आणि नांवें कोणाच्या?



आमच्या गांवची शाळा ओढ्याच्या अलीकडे आणि अर्धी वस्ती ओढ्याच्या पलीकडे आहे. पावसाळ्यांत ओढा भरला कीं पलीकडचीं पोरें घरीं बसतात, डेअरीचें दूध नासतें, आणि अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून चौघांनीं छातीइतक्या पाण्यांतून आणावें लागतें. पुलासाठीं गांवानें अर्जावर अर्ज केले. अखेर एका कचेरींतून एक गृहस्थ आले. महिना वैशाखाचा, ओढा कोरडा ठणठणीत. त्यांनीं दोन दिवस झाडाखालीं बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजल्या आणि शेरा मारला कीं, रहदारी अल्प असल्यामुळें पुलाचें काम हातीं घेण्याजोगें नाहीं. त्याच वर्षीं गांवाच्या वेशींत एक मोठी कमान मंजूर झाली. तिच्याखालून किती गाड्या जातात हें मात्र कोणी मोजलें नाहीं.

वाचक हसतील. पूल नाहीं म्हणून गाड्या जात नाहींत, आणि गाड्या जात नाहींत म्हणून पूल नाहीं! पण हसून सोडून देण्यांत आपलेंच नुकसान आहे. धरण, कालवा, रस्ता, सरकार जें जें मोठें काम काढतें, त्याचा असाच एक कागद आधीं तयार होतो. एका बाजूस खर्च, दुसऱ्या बाजूस लाभ. हिशेब करणें वाईट नव्हे. हिशेब न करतां काय होतें तें आमची कमान सांगते आहे. वाईट तें हें कीं, जमेला काय धरावें आणि नांवें काय टाकावें हें ठरवितांना, ज्याच्या दारावरून ओढा वाहतो त्याला कोणी विचारीत नाहीं.

हा हिशेब कसा बदलत आला तें आधीं पाहूं. इंग्रजी अमलांत तो सावकारी होता. कालव्यांचे दोन वर्ग असत: उत्पादक व संरक्षक. पहिल्या वर्गांतील कालव्यानें ठराविक वर्षांत आपल्या भांडवलाचें व्याज फेडलें पाहिजे, अशी अट. पंजाबांत हें जमलें. आमच्या दख्खनच्या दुष्काळी मुलखांत जमेना. पाऊस बरा झाला तर शेतकरी कालव्याचें पाणी विकत घेईना, आणि पाऊस गेला म्हणजे सर्वांनाच पाणी हवें. म्हणजे जेथें तहान मोठी तेथेंच कालवा तोट्याचा ठरूं लागला.

ही दृष्टि पालटण्यांत एका महाराष्ट्रीय अर्थशास्त्रज्ञाचा मोठा वांटा आहे. १९४८ सालीं पुण्याच्या गोखले संस्थेनें धनंजयराव गाडगीळ यांची गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी प्रसिद्ध केली. कालव्याचा लाभ पाणीपट्टीपुरता मोजावयाचा नसतो, पाण्याबरोबर येणारी मजुरी, व्यापार व उद्योग हेही मोजले पाहिजेत, हें त्या पाहणीनें पुढें मांडलें. १९६४ सालीं त्यांच्याच समितीनें सांगितलें कीं, पाटबंधाऱ्याची निवड सरकारी तिजोरीच्या नफ्यावर करूं नये, समाजाला होणाऱ्या लाभाची खर्चाशीं तुलना करून करावी. पुढें नियम बसला कीं, दर रुपयाच्या खर्चामागें दीड रुपयाचा लाभ दिसावा. अवर्षणग्रस्त भागांत रुपयास रुपया निघाला तरी चालेल. दुष्काळी तालुक्यांना या नियमानें दार उघडलें, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों.

पण या हिशेबांत एक जुनी खोट राहून गेली आहे. अमेरिकेनें १९३६ सालच्या पूरनियंत्रणाच्या कायद्यांत असाच दंडक घातला होता: लाभ कोणालाही होवो, तो खर्चाहून अधिक असला म्हणजे काम करावें. 'कोणालाही होवो' हे शब्द चांगल्या हेतूनें घातलेले आहेत. परंतु गरिबाची सारी अडचण त्याच शब्दांत आहे. शंभर झोपड्यांना दोन-दोन रुपये मिळाले काय आणि एका वाड्याला दोनशें मिळाले काय, कागदाला दोन्ही सारखेंच. एकाचें घर बुडालें व दुसऱ्याचा मळा भिजला, तरी बेरीज जुळली कीं काम मंजूर.

१९२१ सालीं मुळशीचे मावळे सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहास उभे राहिले, ते याच बेरजेविरुद्ध. वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि बुडालेलीं भातखाचरें मावळ्यांचीं. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने वाढले, हें खरें आहे. पण कोयनेचें धरण १९६४ सालीं बांधून झालें आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा आपल्या राज्याचा पहिला कायदा आला १९७६ सालीं. घरें आधीं बुडालीं, कायदा मागाहून आला. त्या लोकांचे वारस अलीकडच्या वर्षांतही जमिनीसाठीं धरणें धरून बसलेले आपण पाहिले आहेत. पन्नास वर्षांचें हें हाल-हाल मूळ अंदाजपत्रकाच्या कोणत्या रकान्यांत लिहिलें होतें?

कारागिरांचें तर याहून अवघड. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वयें भरपाई मुख्यतः जमिनीच्या हक्कावर मिळे. सात-बारावर ज्याचें नांव नाहीं त्यानें काय दाखवावें? कुंभाराची माती, बुरुडाचें बांबूचें बेट, लोहार-सुताराचीं पांच गांवचीं पिढीजात गिऱ्हाइकें, मजुराची सुगी, हें सारें पाण्याखालीं गेलें आणि कागदावर त्याची किंमत शून्य. २०१३ च्या नव्या कायद्यानें ज्यांची उपजीविका त्या जागेवर तीन वर्षें अवलंबून होती अशा शेतमजुरांना, कुळांना व कारागिरांनाही बाधित कुटुंबांत धरलें आहे. हें कलम प्रत्येक कारागिराच्या घरांत पाठ असलें पाहिजे.

आतां काळाचा हिशेब. चक्रवाढ व्याज म्हणजे काय हें सावकारानें आपल्या आज्या-पणज्यांना चांगलें शिकविलें आहे. आज शंभर रुपये दर सालीं दर शेंकडा दहा या चक्रवाढ दरानें ठेवले तर दहा वर्षांनीं त्यांचे सुमारें २५९ होतात. हेंच गणित उलटें करा. दहा वर्षांनीं मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत साडेअडतीस रुपये, आणि वीस वर्षांनीं मिळणाऱ्या शंभरांची पंधरा रुपयेसुद्धां नाहीं. म्हणजे पाणी जितकें उशिरां येईल तितका लाभ झिजत जातो, आणि खर्च मात्र वाढत जातो.

भंडारा जिल्ह्यांतील वैनगंगेवरचें गोसीखुर्द धरण पाहा. १९८३ सालीं मंजुरीच्या वेळीं अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. १९८८ सालीं भूमिपूजन झालें. अडीच लाख हेक्टर भिजावयाचे होते. पुढें सुधारित अंदाज १८,४९४ कोटींवर गेला, म्हणजे मूळच्या जवळजवळ पन्नास पट. महागाई, जमिनीच्या वाढलेल्या किंमती व पुनर्वसन हीं कारणें त्यांत आहेत. तीं आम्ही नाकारीत नाहीं. पण आणखी एक कारण खेड्यांतील पोरालाही कळतें. एका वेळीं शंभर ठिकाणीं नारळ फोडावयाचे आणि दहा ठिकाणांपुरता पैसा शंभर ठिकाणीं वांटावयाचा, मग कोठलेंच काम संपत नाहीं. २०१२ सालीं सरकारनें सिंचनावर श्वेतपत्रिका काढली, २०१४ सालीं चितळे समितीचा अहवाल आला; दोन्ही वेळां राज्यभर वाद माजला. पण ज्या तरुण शेतकऱ्याच्या नांवें १९८३ च्या कागदावर लाभ लिहिला होता, तो वाट पाहतां पाहतां म्हातारा झाला.

आणि पाणी आलें तरी तें कोणाला? कागदावर ज्वारी, हरभरा, भुईमूग अशीं थोड्या पाण्याचीं पिकें धरून मोठें क्षेत्र दाखवितात. प्रत्यक्षांत कालव्याच्या मुखाशीं ऊस उभा राहतो आणि टेलच्या शेतकऱ्याला पाटांत नुसता गाळ दिसतो. लाभ मात्र टेलच्या शेतकऱ्यालाही धरून मोजलेला असतो. याला दुसरा मार्ग नाहीं असें नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायत उभी केली. तेथें पाणी जमिनीच्या मापानें न देतां माणशीं अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तींत जास्त अडीच एकर या मापानें दिलें, भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला, उसाला बंदी केली, आणि खर्चाचा कांहीं भाग लोकांनीं स्वतः उचलला. 'कोणालाही होवो' याच्या जागीं 'प्रत्येकाला होवो' असें लिहिलें म्हणजे काय घडतें, तें तेथें दिसलें.

कोणी म्हणेल, मास्तर धरणांच्या विरुद्ध आहेत. मुळींच नाहीं. शाहू महाराजांनीं १९०९ सालीं भोगावतीवर राधानगरीचें धरण घातलें. पैशाच्या तंगीनें तें रखडलें आणि १९५७ सालीं पुरें झालें. आज कोल्हापूरचा शेतकरी त्या पाण्याला दुवा देतो. जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत ताली, बंधारे व तलाव बांधण्याचा आग्रह १८८३ सालींच धरला होता. पाणी अडविलेंच पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्यांच्या नांवें खर्च पडतो व ज्यांच्या नांवें लाभ दाखविला जातो, त्यांच्यासमोर तो कागद नारळ फुटण्यापूर्वीं मराठींत वाचला जावा. हें इंजिनियरांचें काम आहे, तुम्हांला त्यांत काय कळणार, असें कोणी म्हटल्यास त्याला सांगावें कीं, पाया किती खोल हें इंजिनियरानें सांगावें. घर कोणाचें बुडतें हें आम्हांला कळतें.

ग्रामसभेंत चार प्रश्न विचारा. लाभ किती घरांना, आणि त्यांत टेलचीं व बिनजमिनीचीं घरें किती? ज्यांचें कांहीं जातें त्यांची नांवनिशी यादी कोठें आहे? काम किती वर्षांत पुरें होईल, आणि तितका पैसा खरोखर बाजूला ठेवला आहे काय? याच पैशांत दुसरें कोणतें काम झालें असतें, आणि तें कां नाकारलें? २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यान्वयें दहा रुपये फी भरून अंदाजपत्रकाची नक्कल मागतां येते व तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. ज्या मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणाची जाहीर सुनावणी लागते, तेथें २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें तीस दिवस आधीं सूचना व अहवालाचा गोषवारा लोकभाषेंत मिळाला पाहिजे. तो मागून घ्या, चावडीवर वाचा, ज्याला वाचतां येत नाहीं त्याला वाचून दाखवा.

आम्ही आमच्यापुरता आरंभ केला आहे. यंदाच्या पावसाळ्यांत सातवीच्या मुलांना आम्ही एक वही घालून दिली आहे. ओढा किती दिवस अडला, किती पोरांची शाळा बुडाली, किती लिटर दूध परत गेलें, कोणाची मजुरी बुडाली, कोणाचा दवाखाना चुकला, हें रोजच्या रोज तींत मांडलें जातें. वही मुलींच्या हातीं आहे, कारण पलीकडच्या वस्तींतून पहिल्यानें शाळा सुटते ती त्यांचीच. दिवाळीनंतर ती वही ग्रामसभेच्या ठरावासह त्या कचेरींत जाईल. मग पुन्हां कोणी वैशाखांत झाडाखालीं बसावयास आलें, तर आमची सातवीची पोरें त्याच्याशेजारीं वही उघडून बसतील.