देशी चिप आली, पण ‘एम-आर्च’ कोण सांगणार?



डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकच्या ‘ध्रुव६४’ प्रोसेसरची घोषणा झाली. ६४ बिट, दोन कोअर, १ गिगाहर्ट्झ वेग. आमच्या गेवराईतल्या ग्रुपवरसुद्धा ‘आता आपला प्रोसेसर’ म्हणून मेसेज फिरले. आनंद मलाही झाला. फक्त त्याच दिवसांत माझ्या टेबलावर याच घराण्यातली धाकटी चिप, म्हणजे ‘तेजस३२’ बसवलेला एरीज बोर्ड गप्प पडून होता. समोर पॉलिटेक्निकचा एक विद्यार्थी, प्रोजेक्ट जमा करायला चार दिवस उरलेले. तो म्हणाला, “सर, असेंबल तर झालं की. एकपण एरर नाही. बोर्डच मेला वाटतं.”

बोर्ड मेला नव्हता. चूक माझी होती आणि ती एका अक्षराची होती. म्हणूनच आजचा विषय असेंबलरचा. (आदेश इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.)

आधी थोडक्यात

असेंबलर म्हणजे आपण लिहिलेल्या ‘अ‍ॅड’, ‘लोड’ अशा आदेशांचे प्रोसेसरला कळणारे आकडे करून देणारा प्रोग्राम. ध्रुव आणि तेजस ज्या भाषेत बोलतात ती ‘रिस्क-फाइव्ह’. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात तिचं काम सुरू झालं. ती खुली आहे, वापरायला कुणाला परवाना फी द्यावी लागत नाही. म्हणून तर केंद्र सरकारनं एप्रिल २०२२ मध्ये ‘डीआयआर-व्ही’ हा कार्यक्रम तिच्यावरच बेतला.

लिहायची पद्धत सोपी आहे. आधी उत्तर कुठं ठेवायचं ते, मग कशातून काढायचं ते: ‘अ‍ॅडआय ए०, ए०, १’ म्हणजे ए० मध्ये १ मिळवून परत ए० मध्येच ठेव. लिनक्सवर इंटेलची जुनी असेंब्ली वाचलेल्यांची इथं गडबड होते, कारण तिथल्या पद्धतीत उत्तराची जागा शेवटी येते.

खरी मेख: एम-आर्च

रिस्क-फाइव्ह ही एकच ठरीव भाषा नाही. मूळ गाभा ‘आय’. त्यावर गुणाकार-भागाकारासाठी ‘एम’, अ‍ॅटॉमिक आदेशांसाठी ‘ए’, अपूर्णांकांसाठी ‘एफ’ आणि ‘डी’, आदेश १६ बिटांत आवळण्यासाठी ‘सी’. चिप बनवणारा यातलं हवं ते घेतो. तेजस३२ आहे ‘आरव्ही३२आयएम’. म्हणजे ३२ बिट, गाभा आणि गुणाकार, बस.

माझ्या जुन्या फाइलमध्ये ‘एम-आर्च’ या पर्यायापुढं ‘आरव्ही३२आयएमएसी’ लिहिलेलं होतं. दुसऱ्या बोर्डाचं. ते ‘सी’ दिसल्याबरोबर असेंबलरनं आपल्या मनानं जमतील तेवढे आदेश १६ बिटांचे करून टाकले. तक्रार कशाला करील? त्याला सांगितलं तसंच त्यानं केलं. तेजसला मात्र असे आखूड आदेश कळतच नाहीत, तो पहिल्याच आदेशाला अडला.

आपल्या बीड जिल्ह्यात हे लगेच समजेल. मुकादमाला तुम्ही दहा कोयते सांगितले, त्यानं वहीत दहा लिहिले. फडात सहाच उतरले, तर वहीचा काय दोष? असेंबलरनं फड पाहिलेलाच नसतो.

उलटा प्रकारही घडतो

‘सी’ काढलं तर नवीच अडचण. आता असेंबलर म्हणाला, ‘सीएसआरआर’ हा आदेश ओळखत नाही, ‘झेडआयसीएसआर’ लागेल. हाच कोड जुन्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालायचा! कारण असं, की प्रोसेसरची अंतर्गत नियंत्रण रजिस्टरं वाचायचे आदेश पूर्वी गाभ्यातच धरले जात. नंतरच्या नियमावलीत ते वेगळे काढले, आणि फेब्रुवारी २०२२ च्या बिनयुटिल्स २.३८ पासून ग्नू असेंबलर नवी नियमावलीच गृहीत धरू लागला. चिप तीच, कोड तोच, फक्त नाव पूर्ण लिहावं लागतं: ‘आरव्ही३२आयएम_झेडआयसीएसआर’. जोडीला ‘एम-एबीआय’ मध्ये ‘आयएलपी३२’. हा दुसरा पर्याय फंक्शनांनी एकमेकांना माहिती कोणत्या रजिस्टरांतून द्यायची ते ठरवतो. अपूर्णांकांच्या बाबतीत दोन फाइलींचा यावर मेळ नसला, तर लिंकर त्या जोडायला नकार देतो.

एवढं केलं आणि बोर्डावरचा दिवा लुकलुकला. दोन रात्री गेल्या, पण प्रोजेक्ट वेळेत जमा झालं.

याचा बातमीशी संबंध काय?

आहे, आणि जवळचा आहे. पुण्यात सी-डॅकनं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला, तेव्हा त्याच्या पोटात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. यंत्र आपलं, प्रोसेसरची भाषा त्यांची. पुढं ट्रान्सप्युटरची वाट खुंटली आणि परमच्या पुढच्या पिढ्यांना दुसऱ्यांच्या प्रोसेसरांकडं जावं लागलं. खुल्या भाषेत हा धोका कमी. आज तेजसवर शिकलेली असेंब्ली उद्या ध्रुववर वाया जात नाही.

पण खुलेपणाची दुसरी बाजू हीच, की बोलीही अनेक होतात. एका कंपनीची भाषा असते तेव्हा तीच कंपनी सगळं ठरवून देते. इथं नेमकी कोणती बोली, हे प्रत्येक वेळी आपण सांगायचं. पुण्या-बंगळुरूच्या इंजिनिअरला शेजारी विचारायला माणूस असतो. गेवराईच्या पोराला नसतो. तो बोर्डाला दोष देतो, नाहीतर स्वतःला, आणि नाद सोडून देतो. माझ्या मते देशी चिपचं यश गिगाहर्ट्झइतकंच यावरही मोजायला हवं, की असा मुलगा एकट्यानं ती सुरू करू शकतो का. त्यासाठी प्रत्येक बोर्डाच्या पहिल्या पानावर, शक्य तर मराठीतही, दोन ओळी हव्यात: एम-आर्च काय आणि एम-एबीआय काय.

तोवर तुम्ही एवढं करा

१. चिपच्या मॅन्युअलमधून एक्स्टेन्शनची अक्षरं स्वतः वाचा. दुसऱ्याची फाइल उचलू नका.

२. ‘रीडएल्फ’ला मोठ्या ‘ए’चा पर्याय देऊन तयार फाइल तपासा. ती कोणत्या बोलीत बनली ते तिथं छापलेलं असतं.

३. ‘ऑब्जडंप’ला लहान ‘डी’ देऊन यादी काढा. तुमच्या चिपमध्ये ‘सी’ नसताना आठऐवजी चारच हेक्स अंकांचे आदेश दिसले, तर तिथंच थांबा.

४. जुना कोड ‘झेडआयसीएसआर’ मागत असेल, तर ते नाव जोडा. कोडला हात लावू नका.

तो विद्यार्थी आता ध्रुवचा बोर्ड कधी मिळेल म्हणून विचारतोय. मी म्हटलं, मिळेल तेव्हा मिळेल. आला की आधी त्याचं एम-आर्च विचार.